आजोबांचं हरिकेन: जुन्या लढाऊ विमानांच्या फोटोत खरे रंग कसे भरायचे?

माटुंगा रोड

नमस्कार मंडळी. आजोळचं घर रंगवायला काढलं तेव्हा कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. आत आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे फोटो. आजोबा दुसऱ्या महायुद्धात आपल्या हवाई दलात इंजिन फिटर होते. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे, कारण त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. त्यातला एक प्रिंट पोस्टकार्डापेक्षाही लहान आहे. विमानाच्या नाकाशी चौघे उभे, डावीकडून दुसरे आजोबा. विमानाच्या कुशीवरचं गोल निशाण दिसतं. मागे शिसपेन्सिलीने त्यांच्याच अक्षरात "इंफाळ, ४४".

मावसभावाने तो एका ॲपमधून रंगीत करून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांना आवडला. मला मात्र तो बघवेना. विमान निळसर करडं, गोलाच्या मधोमध लाल ठिपका, चौघांचे कपडे निळे, जमीन विटकरी. आजी ९३ वर्षांची आहे. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे एवढे काळे नव्हते गं."

मला हा फोटो नीट रंगवायचाय. फोटोशॉप येतं, रोजचं काम तेच आहे. पण कुठे कोणता रंग द्यायचा हे ठरवायचं कशावरून? आजीच्या हातात लवकर द्यायचाय.

प्लास्टिकचं विमान

ताई, सगळ्यात आधी तो लाल ठिपका काढा. बाकी काहीही चुकलं तरी चालेल, हे नको.

जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. हवेत, घाईच्या क्षणी, ब्रिटिश राउंडेलमधला, म्हणजे विमानावरच्या गोल निशाणातला, लाल ठिपका तसाच दिसायचा आणि आपल्याच विमानांवर गोळ्या झाडल्या जायच्या. म्हणून भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निशाणातून लाल रंग काढूनच टाकला. बाहेर गडद निळा आणि आत फिका निळा, पांढऱ्यात थोडा निळा मिसळून केलेला. ४४ साली इंफाळला उभ्या असलेल्या विमानावर हेच हवं. ॲपने इंग्लंडमधल्या विमानांचे हजारो फोटो पाहिलेले असणार, म्हणून त्याने तिथला लाल इथे आणला.

विमान हरिकेन, म्हणजे त्या काळचं ब्रिटिश लढाऊ विमान, आहे का ते सांगा. पंखातून पुढे आलेल्या तोफांच्या नळ्या मोजा. प्रत्येक पंखात दोन असतील तर हरिकेन २सी, २० मिलिमीटरच्या चार तोफांचं. नाकाखाली फुगीर हनुवटीसारखं काही दिसतं का? ते धुळीचं फिल्टर.

तसं असेल तर वरून दोन रंग: डार्क अर्थ म्हणजे मातकट तपकिरी आणि डार्क ग्रीन. ब्रिटिश मानक बीएस ३८१सीमध्ये डार्क अर्थ ४५० आणि डार्क ग्रीन ६४१. हे क्रमांक धरून रंगाचे नमुने मिळतात. नाव आणि क्रमांक हाती असल्याशिवाय रंग उचलू नका. नुसतं "मिलिटरी हिरवा" म्हणून शोधलंत तर पन्नास हिरवे मिळतील.

माटुंगा रोड

नळ्या दोन-दोन आहेत! हनुवटीही आहे. मोठ्ठं काम झालं, दादा, आभार.

पण एक अडलंय. तुम्ही दोन रंग म्हणता, मला एकच दिसतो. ६०० डीपीआयवर स्कॅन केलंय, तरी विमान सपाट गडद करडं आहे. इंफाळच्या विमानांना एकच रंग दिला असेल का?

बायनरी

मला यातलं कळत नाही, म्हणून विचारतो. प्रत्येक रंगाची करडी छटा ठरलेली असणार ना? मग छटा मोजून उलट गणित करता येणार नाही का? तपकिरीचा अमुक आकडा, हिरव्याचा तमुक.

डार्करूम

बायनरी, नाही करता येत. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळून एक करडा होतो. बेरीज १० आहे एवढंच सांगितलं तर त्यात ३ आणि ७ होते की ४ आणि ६, हे कसं ओळखाल? त्यात ती बेरीज कोणत्या फिल्मने केली हा वेगळाच प्रश्न, आणि माटुंगाताईंचं नेमकं तिथेच अडलंय. थोडं सविस्तर लिहितो.

माझे वडील गिरगावातल्या एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने चेहरे साफ करणं, आणि प्रिंटवर कापसाच्या बोळ्याने रंग चढवणं. त्या काळी लग्नाच्या फोटोतल्या शालूचा रंग कृष्णधवल प्रिंटवरून कुणी ठरवत नसे. रंगवायला बसण्याआधी वडील गिऱ्हाइकाला विचारून पाकिटावर लिहून घ्यायचे: "शालू डाळिंबी, काठ हिरवा." कारण प्रिंटमध्ये डाळिंबी शालू काळा यायचा. लाल कुंकूही काळं यायचं.

याचं कारण ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. तिला निळा आणि हिरवा दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे लाल काळा पडतो, पिवळा आणि तपकिरी मळतात, निळा उजळतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात. ४४ साली पॅनक्रोमॅटिक होती, पण हौशी लोकांच्या साध्या कॅमेऱ्यांत रोल असायचा तो बहुधा कोडॅक व्हेरिक्रोम, आणि ती ऑर्थो. पोस्टकार्डापेक्षा लहान प्रिंट म्हटल्यावर मला पहिली शंका तीच आली.

आता विमान बघा. डार्क अर्थ तपकिरी, म्हणजे त्यात लालाचा अंश भरपूर. पॅनक्रोमॅटिकवर तो डार्क ग्रीनपेक्षा उजळ येतो आणि दोन रंगांची हद्द स्पष्ट दिसते. ऑर्थोवर तपकिरी खाली उतरून हिरव्याशेजारी जाऊन बसतो आणि हद्द पुसली जाते. विमानावर दोन रंग असतील, फिल्मने एक केले असतील.

हे तपासायचं तर फोटोत अशी वस्तू शोधा जिचा रंग तुम्हाला आधीपासून खात्रीने माहीत आहे. राउंडेल सहसा सगळ्यात सोपं. इंग्लंडमधल्या विमानाच्या राउंडेलला बाहेरून पिवळं कडं असतं, ते मळकट गडद दिसलं की फिल्म ऑर्थो. तुमच्यात पिवळाही नाही आणि लालही नाही, तेव्हा दुसरं काहीतरी लागेल. आकाश कसं आहे? आणि कडेला, जमिनीवर काय काय पडलंय?

माटुंगा रोड

काका, आकाश कोरं पांढरं आहे. ढगाचं नाव नाही.

उजव्या कडेला तिपाईवर तीन बादल्या टांगल्यात. काळ्या. त्यावर पांढऱ्या अक्षरांत "फायर".

डार्करूम

आगीच्या बादल्या काळ्या कोण रंगवतं? लाल आहेत त्या. मिळाली तुमची खूण.

पांढरं आकाशही तेच सांगतंय. निळ्याला ही फिल्म फार हावरी, आणि फोटो काढणाऱ्याने पिवळी काच लावलेली नव्हती. लावली असती तर आकाश थोडं तरी करडं आलं असतं.

आणि ताई, आजी म्हणाल्या ते आता पुन्हा वाचा. माणसाच्या कातडीत लाल भरपूर असतो. ऑर्थोवर आपल्याकडचे चेहरे होते त्यापेक्षा कितीतरी काळे यायचे आणि ओठ जवळजवळ काळे. वडिलांचा निम्मा वेळ हेच निस्तरण्यात जायचा. तुमच्या आजींना बरोबर आठवतंय.

माटुंगा रोड

हे वाचून काही वेळ तशीच बसून राहिले. आम्ही तिला "अगं, जुना फोटो आहे" म्हणून गप्प केलं होतं.

माझगावकर

थोडं बाजूचं, पण सांगावंसं वाटतं. हरिकेन आणि स्पिटफायर इथवर आली ती जहाजांतून, सुटे भाग खोक्यांत भरून. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटांबरोबर स्पिटफायर विमानंही होती. आमच्या आजीच्या तोंडी त्या दिवसाचे हादरे कायम असायचे. विमानांचं तेव्हा कुणी सांगितलं नाही, मी खूप नंतर वाचलं.

माझा प्रश्न असा: खोक्यातून येताना विमानावर इंग्लंडचंच निशाण असेल ना? मग ते बदललं कुठे?

प्लास्टिकचं विमान

माझगावकर, बाजूचं कसलं, हे अगदी मुद्द्याचं आहे. निशाणं इकडे आल्यावर बदलली. जुनं मोठं, पिवळ्या कड्याचं राउंडेल झाकून त्यावर नवं लहान काढलं. झाकायला वापरलेला रंग ताजा, भोवतालचा उन्हाने विटलेला. म्हणून या आघाडीवरच्या कितीतरी फोटोंत नव्या लहान गोलाभोवती एक गडद कडं दिसतं. स्पिटफायर ८ च्या फोटोंत तर फारच ठळक. बऱ्याच जणांना ती सावली किंवा डाग वाटतो आणि रंगवताना ते साफ करून टाकतात. ताई, तुमच्यात असेल तर जपा. तो त्या विमानाचा प्रवास आहे.

आणि विटण्याबद्दल. ४५० आणि ६४१ चे आकडे जसेच्या तसे भरले तर विमान काल कारखान्यातून आल्यासारखं दिसेल. ऊन, पाऊस, धूळ आणि फिटर मंडळींचे बूट, सगळं त्या पंखांवरून गेलंय. रंग फिका होतो, पावडर धरतो. पंखाच्या मुळाशी, जिथे तुमचे आजोबा रोज चढत असतील, तिथे खरवडून धातू दिसेल. हरिकेनचा मागचा भाग मात्र कापडी, तिथे खरवडल्यावर चंदेरी धातू दाखवू नका.

बायनरी

म्हणजे ऑर्थो असेल तर सगळीकडे लाल वाढवायचा आणि निळा कमी करायचा, एवढंच?

डार्करूम

नाही, सगळीकडे नाही. इथेच फोटो बिघडतो.

रंग चढवताना लोक लेयरचा मोड "कलर" ठेवतात. त्यात रंगाची जात बदलते, उजळपणा खालच्या करड्याचाच राहतो. काळ्या बादलीवर लाल टाकला की बादली काळीच राहते, फारतर काळपट किरमिजी. म्हणून आधी करडा दुरुस्त करायचा आणि रंग नंतर. प्रत्येक भागाला वेगळा मास्क (बदल तेवढ्याच भागात ठेवणारा), वेगळा कर्व्ह (उजळ-गडद कमीजास्त करायची रेष). बादल्या उजळा, डार्क अर्थचे पट्टे थोडे उजळा, चेहरे उजळा, निळं निशाण खाली आणा. ती दुरुस्त कृष्णधवल प्रत एकदा छापून भिंतीला टेकवा आणि दोन दिवस येता-जाता बघा. तीच खोटी वाटली तर पुढे रंग टाकण्यात अर्थ नाही.

डार्क अर्थचे पट्टे कुठे आहेत ते कसं कळणार, हे विचाराल. त्या पट्ट्यांचा नकाशा ठरलेला होता. कारखान्यात ठराविक आराखड्याबरहुकूम रंगवत. आराखडा फोटोच्या कोनात बसवा आणि बघा, स्कॅनमध्ये कुठे पुसट का होईना हद्द जुळते का. ८ बिटऐवजी १६ बिटमध्ये स्कॅन करा. पुसट फरक ८ बिटमध्ये मरतो.

आणि प्रिंटवर कोपऱ्यांत जो चंदेरी तजेला आलाय, तो पुसायला जाऊ नका. चांदी वर आलीय ती. मुंबईच्या हवेत डबा पुन्हा तसाच बंद करून ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या घाला.

वरळी नाका

नेहरू सायन्स सेंटरमध्ये मरुत, आपलं जुनं लढाऊ विमान, उभं आहे. त्याचा रंग मोजून बाकी विमानांसाठी वापरता येईल का? मी मागे फोटो काढून आयड्रॉपरने रंग उचलला होता.

खलाशी

वरळी नाका, तसं करू नका. उघड्यावर ठेवलेलं विमान दर काही वर्षांनी पुन्हा रंगवतात, आणि रंगवणाऱ्याला बाजारात मिळतो तो रंग लागतो. आकार बघायला, रिव्हेट बघायला, निशाण कुठे आहे ते बघायला जरूर जा. मुलांना घेऊन जा. रंग तिथून घेऊ नका.

मी नौदलात होतो. विक्रांतवर सी हॉक विमानं होती त्या दिवसांतला. रॉयल नेव्हीच्या पद्धतीत वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि पोटाला स्काय. हा स्काय म्हणजे आकाशी नव्हे. फिकट हिरवट, बदकाच्या अंड्यासारखा. सिडनी कॉटन या वैमानिकाने हेरगिरीच्या विमानांसाठी जो कॅमोटिंट तयार करवला, त्यातून हा रंग आला. नाव वाचून आकाशी निळा भरलेले फोटो मी इतके पाहिलेत की वाईट वाटतं.

आठवणीबद्दल मात्र सावध करतो. माझ्याच दोन मित्रांना त्या डेकवरच्या एकाच विमानाचा रंग वेगवेगळा आठवतो, आणि दोघंही रोज त्याला हात लावत होते. समुद्रावर सकाळी सातला आणि दुपारी एकला तोच करडा वेगळा दिसतो. खाऱ्या हवेने दर पंधरवड्याला कुठे ना कुठे ब्रश फिरवावा लागायचा आणि डबा प्रत्येक वेळी त्याच कारखान्याचा नसायचा. म्हणून "मी स्वतः पाहिलंय" यावर विसंबू नका. माझ्यावरही नको.

प्लास्टिकचं विमान

खलाशीकाकांना दंडवत.

आपल्या विमानांवर काम करणाऱ्यांसाठी भर घालतो. १९४७ ते ५० च्या विमानांवर राउंडेल म्हणजे पांढऱ्यावर निळं अशोकचक्र. १९५० पासून तिरंगी: बाहेर केशरी, मग पांढरा, मधे हिरवा. या तिरंगी निशाणावरून फिल्म ओळखणं फार सोपं जातं. केशरी कडं हिरव्यापेक्षा उजळ असेल तर पॅनक्रोमॅटिक. केशरी गडद आणि मधला हिरवा उजळ असेल तर ऑर्थो. ४७-४८ च्या काश्मीरच्या फोटोंत कुणी तिरंगी गोल रंगवला तर तो दोन-तीन वर्षं आधीच लावला असं होतं.

आणि ७१ चे मिग-२१. ते मूळचे उघड्या धातूचे, युद्धाच्या तोंडावर घाईघाईने स्क्वाड्रनमध्येच रंगवले गेले. एकासारखं दुसरं नाही. तिथे पुस्तकातला आराखडा लावू नका, त्या एका विमानाचाच फोटो बघा.

माटुंगा रोड

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवडे लागले.

१६ बिटमध्ये स्कॅन केल्यावर डाव्या पंखाच्या मुळापासून कॉकपिटखाली जाणारी हद्द दिसली. अगदी पुसट, पण आराखड्याशी जुळली. तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. राउंडेलभोवती गडद कडंही आहे! ॲपने ते गुळगुळीत करून टाकलं होतं. आजोबांच्या उजव्या पायाखाली पंखावर खरवडलेला पट्टा आहे, तो मी आधी स्कॅनचा ओरखडा समजत होते.

एक गोष्ट विचारायची आहे. चेहरे किती उजळायचे? आजी जवळ बसून "अजून, अजून" म्हणते. मला भीती वाटते की मी त्यांना गोरं करत सुटेन.

डार्करूम

भीती योग्य आहे. ॲपवालेही तेच करतात, आणि स्टुडिओतही तेच चालायचं. वडिलांना ते मनापासून आवडत नसे. "माणूस आहे तसा घरी गेला पाहिजे," म्हणायचे.

बादलीचा आधार घ्या. बादलीचा लाल योग्य जागी यायला कर्व्ह किती उचलावा लागला, ते तुम्हाला माहीत आहे. कातडीत लाल आहे पण बादलीइतका नाही, तेव्हा कातडीची उचल त्याहून कमीच हवी. चौघांनाही एकच माप लावा, आजोबांना वेगळं नको. आणि नंतरच्या काळातला एखादा रंगीत फोटो असेल तर शेजारी ठेवा. तोही विटलेला असेल, नुसता आधाराला.

माटुंगा रोड

झालं.

चौघांना एकच माप लावलं. आईच्या लग्नातला आजोबांचा रंगीत फोटो लालसर झालाय, पण हाताचा रंग ताडायला उपयोगी पडला.

विमानाचं पोट सावलीत आहे. त्याला मीडियम सी ग्रे दिला, पण तो मी पाहिलेला नाही, मानलेला आहे. कपड्यांचं ठरेना. त्या वर्षी तिकडे खाकीही होती आणि जंगल ग्रीनही येत होता, आणि ऑर्थोवर त्यांच्यात निवड करणं मला जमलं नाही. खाकी ठेवली. निळी नाही एवढं नक्की, तिथल्या उकाड्यात तो जाड निळा गणवेश कुणी घातला नसता. जमिनीला गवताचा मळका हिरवा आणि चिखल दिला, विटकरी काढला.

प्रिंटच्या मागे पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्यात: दिसलं ते, शोधून ठरवलं ते, आणि मानलं ते. मूळ फोटोची कृष्णधवल प्रतही त्याच फ्रेममध्ये मागे सरकवून ठेवली, म्हणजे पुढे कुणाला माझं चुकलंय असं वाटलं तर खोलून बघता येईल.

काल आजीच्या हातात दिला. तिने विमानाकडे बघितलंच नाही. चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हां. आता आलेत." मग बादल्यांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या लाल कधी झाल्या?"

काका, डब्याच्या तळाशी लिफाफ्यात सहा निगेटिव्ह आहेत. एकात विमानाच्या शेपटीजवळ चक्र दिसतंय असं वाटतं. दोन निगेटिव्हना बुरशी धरलीय. हात लावलेला नाही. रविवारी गिरगावात घेऊन आले तर चालेल का?

डार्करूम

या. लिफाफ्यातून काढू नका, तसाच आणा. सकाळी दहानंतर केव्हाही.